गाभा वितळला तर कोकणावर काय पडेल? संशोधनाचा क्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, अणुऊर्जा नियामक मंडळ, अणुशक्तीनगर, मुंबई
तसेच अणुसुरक्षेच्या संशोधनाला अनुदान मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय: अणुभट्टीच्या गंभीर अपघातात बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांवरील संशोधनाचा अग्रक्रम कोकण किनाऱ्याच्या गरजेप्रमाणे ठरवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

तारापूरला १९६९ पासून अणुभट्ट्या आहेत. आज तिथे उकळत्या पाण्याच्या दोन जुन्या आणि जड पाण्याच्या ५४० मेगावॉटच्या दोन अशा चार भट्ट्या उभ्या आहेत. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर १,६०० मेगावॉटहून मोठ्या सहा भट्ट्यांची योजना आहे. अणुऊर्जा हवी की नको, हा वाद आम्ही या पत्रात आणत नाही. प्रश्न एवढाच आहे की गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, वितळण्याइतका मोठा अपघात झालाच, तर बाहेर काय पडेल, कोणत्या रूपात पडेल आणि त्याचे पुढे काय होईल, हे शोधण्यासाठीचे पैसे आणि माणसे आधी कुठे लावायची.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. वितळत्या इंधनातून काय आणि किती सुटते यावर जगाने चाळीस वर्षे काम केले आहे आणि ते चांगले काम आहे. सुटलेला पदार्थ कंटेनमेंटमध्ये (भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत) कोणते रासायनिक रूप घेतो, आणि बाहेर पडल्यावर इथला खारा वारा, इथला पाऊस आणि इथला जांभा त्याचे काय करतो, यावर मात्र फार थोडे काम झाले आहे. आणि जे झाले आहे, ते बहुतेक थंड प्रदेशांतल्या भट्ट्यांसाठी आणि तिथल्या मातीवर. अनुदानाचा पुढचा रुपया या दुसऱ्या बाजूला जावा.

रूपाला एवढे महत्त्व का, ते तीन अपघातांकडे पाहिले की कळते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला जवळजवळ निम्मा गाभा वितळला, तरी बाहेर गेलेले आयोडीन-१३१ एक टेराबेक्वेरेलहूनही (बेक्वेरेल हे किरणोत्साराचे एकक) कमी भरले. १९८६ साली चेर्नोबिलहून सुमारे १,७६० पेटाबेक्वेरेल गेले. २०११ साली फुकुशिमाहून १०० ते ५०० पेटाबेक्वेरेलच्या दरम्यान गेले, आणि त्याबरोबर सीझियम-१३७ सहा ते वीस पेटाबेक्वेरेल. एक पेटाबेक्वेरेल म्हणजे हजार टेराबेक्वेरेल. थ्री माइल आयलंडला पाणी भरपूर होते, वाफेत हायड्रोजन होता आणि कंटेनमेंट शाबूत होते. आयोडीन आयोडाइड होऊन पाण्यातच बसले. चेर्नोबिलला छप्परच उडाले आणि ग्रॅफाइट उघड्यावर जळत राहिले. आयोडीन दोन्हीकडे होते, पण एकीकडे ते पाण्यात विरघळून राहिले आणि दुसरीकडे हवेत गेले.

जमिनीवरही हाच फरक दिसतो. हवेतून जमिनीवर उतरण्याचा वेग आयोडीनच्या रेणुरूप वाफेसाठी सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर धरतात, सूक्ष्मकणांवर बसलेल्या आयोडीनसाठी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा आणि मिथाइल आयोडाइडसाठी शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे पहिले रूप जवळच्या गवतावर बसते आणि गाईच्या दुधात येते. तिसरे रूप गवत सोडून माणसाच्या श्वासात जाते, आणि नुसत्या कागदी गाळणीला ते अडत नाही. बेक्वेरेल तितकेच असले, तरी एका रूपात दूध थांबवायचे असते आणि दुसऱ्या रूपात माणसांना दारे-खिडक्या लावून घरात थांबवायचे असते. हे रूप आधी सांगता आले नाही, तर जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नुसता आकडा राहतो.

काय पुरेसे कळले आहे, तेही स्पष्ट सांगू. फ्रान्समध्ये कादाराश येथे १९९३ ते २००४ या काळात फेबुस मालिकेचे पाच मोठे प्रयोग झाले. त्यांतल्या चारांत मध्ये एक नियंत्रणकांडी (भट्टीतली विभंजनक्रिया आवरणारी) आणि भोवती वीस इंधनकांड्या अशी जुडी वितळवून सुटलेले पदार्थ नळ्यांतून कंटेनमेंटपर्यंत मोजले गेले. झेनॉन आणि क्रिप्टॉन जवळजवळ सगळे सुटतात, आयोडीन आणि सीझियम बहुतांश सुटतात, स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियम फार थोडे. हे आता वादाबाहेर आहे. तापलेल्या युरेनियम ऑक्साइडमधून सीझियम कसे निघते याचे नवे गणिती प्रारूप आमच्या मते पाच वर्षे थांबले तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

पण त्याच मालिकेतली एक गोष्ट तारापूरसाठी महत्त्वाची आहे. पहिल्या प्रयोगांत नियंत्रणकांडी चांदी-इंडियम-कॅडमियमची होती. वितळलेली चांदी कंटेनमेंटच्या तळच्या पाण्यात आली, तिने आयोडीनला धरले आणि न विरघळणारे सिल्व्हर आयोडाइड करून खाली बसवले. पुढच्या एका प्रयोगात कांडी बोरॉन कार्बाइडची होती, आणि वायुरूप आयोडीनचा वाटा आधीच्या प्रयोगांपेक्षा खूपच मोठा निघाला. कारण समजण्यासारखे आहे. बोरॉन वाफेबरोबर जळून बोरिक आम्ल होते, ते सीझियमला आपल्याकडे ओढते आणि सीझियम आयोडाइड होण्यासाठी सीझियमच उरत नाही. उकळत्या पाण्याच्या भट्टीतल्या नियंत्रणपाती बोरॉन कार्बाइडच्याच असतात. जड पाण्याच्या भट्टीत चांदीच्या कांड्या नसतात. म्हणजे तारापूरच्या चारही भट्ट्यांत आयोडीनला धरून ठेवणारी चांदी उपलब्ध नाही. अपघाताचे गणित करणाऱ्या परदेशी संगणक-संहितेत चांदी गृहीत असेल आणि ती तशीच इथे वापरली, तर उत्तर आपल्या सोयीचे येईल, पण ते चूक असेल.

म्हणून पहिला अग्रक्रम: चांदी नसलेल्या कंटेनमेंटमधले आयोडीन.

इथे सगळे पाण्याच्या पीएचवर येऊन थांबते. तळचे पाणी पीएच ९ च्या आसपास असले, तर आयोडीन आयोडाइड म्हणून पाण्यात राहते. तेच पाणी किरणोत्साराखाली पीएच ५ पर्यंत उतरले, तर वाफ होऊन वर येणारे आयोडीन शंभर पटींहून अधिक वाढते. आणि पीएच आपोआप उतरतो. दमट हवेवर गॅमा किरण पडले की नायट्रिक आम्ल तयार होते. पीव्हीसीचे आवरण असलेल्या केबली तापल्या आणि किरणांनी फुटल्या की हायड्रोक्लोरिक आम्ल निघते. भट्टीच्या इमारतीत केबलींचे जाळे केवढे असते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्रत्येक इमारतीसाठी केबल-आवरणाचे किलो, त्यातल्या क्लोरीनचा वाटा, त्यावर अपघातात पडणारी किरणमात्रा आणि तळच्या पाण्याचे घनमीटर असा साधा ताळेबंद मांडला पाहिजे. मग ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा सोडियम हायड्रॉक्साइड किती किलो, कुठे आणि कोणत्या टोपलीत ठेवायचे, ते त्यातूनच निघते. हे काम नव्या प्रयोगशाळेशिवाय एका वर्षात होते. ते सगळ्यात आधी करावे आणि त्याचे उत्तर जाहीर करावे.

त्याच्या लगेच मागे रंग येतो. कंटेनमेंटच्या भिंतींना आतून इपॉक्सी रंग असतो. आयोडीनची वाफ त्यावर बसते, किरणांनी रंगातले सेंद्रिय रेणू तुटतात आणि काही तासांनी भिंत मिथाइल आयोडाइड सोडू लागते. नव्या रंगाचे आकडे परदेशी प्रकल्पांतून मिळतात. पण तारापूरची हवा वर्षभर खारट आणि चार महिने ओलीचिंब असते. पंचवीस-तीस वर्षे मुरलेला, पापुद्रे सुटलेला, मध्येच डागडुजी केलेला रंग कसा वागतो, ते त्याच रंगाचे तुकडे घेऊनच पाहावे लागेल.

प्रयोग अवघड नाही. देखभालीच्या वेळी भिंतीवरून रंगासह सुटणारे पोपडे, आणि त्याच रंगाने नव्याने रंगवलेल्या पाच बाय पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या, अशा जोड्या घ्याव्यात. त्यांवर वाशीच्या किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून मिळणाऱ्या आयोडीन-१३१ ची खूण लावलेले आयोडीन बसवावे. मग त्या जोड्या गॅमा किरणांचा मारा करणाऱ्या पाच लिटरच्या गॅमा चेंबरमध्ये ताशी काही किलोग्रे मात्रेवर, ९० आणि १३० अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. हे यंत्र देशातल्या अनेक विद्यापीठांत आहे. निघालेला वायू आधी सूक्ष्मकणांची गाळणी, मग चांदीची जाळी, मग ट्रायइथिलिनडायअमीन मुरवलेला कोळसा अशा तीन थरांतून न्यावा. पहिल्यात कण, दुसऱ्यात रेणुरूप आयोडीन आणि तिसऱ्यात मिथाइल आयोडाइड अडकते. प्रत्येक थर वेगळा मोजला की तिन्ही रूपांचा वाटा हातात येतो.

प्रयोग बिघडतो तोही नेहमी त्याच जागी. रबर किंवा पीव्हीसीची नळी वापरली की आयोडीन नळीतच बसते आणि आकडा कमी येतो. सिलिकॉन रबराची बूच-चकती वापरली की तीच किरणांनी तुटते, तिच्यातून मिथाइल आयोडाइड निघते आणि आकडा वाढतो. नळ्या टेफ्लॉनच्या असाव्यात, त्याही लहान आणि तापवलेल्या, म्हणजे आत दंव धरणार नाही. रंगाशिवायची कोरी पट्टी प्रत्येक फेरीत बरोबर ठेवावीच लागते. अनुदानाच्या अर्जात ही कोरी पट्टी दिसली नाही, तर तो अर्ज परत पाठवावा, असे आम्हाला वाटते.

दुसरा अग्रक्रम समुद्राच्या पाण्याचा. आणि यात कोकणाने दुसऱ्या कोणाची वाट पाहू नये.

फुकुशिमाला गोडे पाणी संपल्यावर भट्टीत समुद्राचे पाणी सोडावे लागले. किनाऱ्यावरच्या प्रत्येक भट्टीला शेवटचा आधार समुद्रच असतो. आता हिशेब पाहा. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्टीची उष्णताशक्ती सुमारे १,७०० मेगावॉट आहे. भट्टी बंद झाल्यावर एका दिवसाने त्यातली जेमतेम अर्धा टक्का उष्णता उरते, म्हणजे साडेआठ मेगावॉट. ती नुसत्या बाष्पीभवनाने काढायची, तर ताशी सुमारे बारा हजार लिटर पाणी उकळून जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे ताशी सव्वाचारशे किलोच्या आसपास मीठ मागे राहते. पाणी वाहून न जाता सगळेच उकळत राहिले, तर उष्णता रोज घटत जाते हे धरूनही आठवडाभरात चाळीस-पन्नास टन मीठ साठेल. माडबनला ठरलेल्या एका भट्टीसाठी हाच आकडा पावणेतीन पट धरावा.

या मिठात सोडियम क्लोराइड असतेच, मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि गोम तिथेच आहे. पाणी आटत आले की मॅग्नेशियम क्लोराइडचे ओले खडे तापून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतात. मिठागरात काम करणाऱ्यांना ठाऊक असलेले कडू पाणी म्हणजे हेच मॅग्नेशियमचे पाणी. एरवी समुद्राचे पाणी पीएच ८ च्या थोडे वर असते, पण उकळून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर, मॅग्नेशियम बसल्यावर आणि वरून नायट्रिक आम्लाची भर पडल्यावर ते कुठे जाते, हे आपल्याला भट्टीच्या तापमानाला आणि भट्टीच्या किरणांखाली हवे आहे. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. किरणांनी पाण्यात तयार होणाऱ्या क्षणजीवी रेणूंना ते पकडते, त्यामुळे हायड्रोजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही वाढतात. आयोडाइडचे आयोडीन होण्याचा वेगही त्याने बदलतो.

तारापूरच्या खाडीतोंडाचे पाणी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये सारखे नसते, म्हणून दोन्ही वेळचे नमुने घ्यावेत. ते जसेच्या तसे, तिप्पट आटवलेले आणि दहापट आटवलेले, अशा तीन प्रतींत तपासावेत. खूण लावलेले सीझियम आयोडाइड घालून त्याच गॅमा चेंबरमध्ये २४ तास ठेवावे आणि दर दोन तासांनी पीएच, वर आलेले आयोडीन आणि हायड्रोजन मोजावे. भांडे स्टेनलेस स्टीलचे घेऊ नये. क्लोराइडने त्याला बारीक खड्डे पडतात, लोह पाण्यात उतरते आणि पीएचचा सगळा हिशेब बिघडतो. बोरोसिलिकेट काच किंवा टायटॅनियमचे अस्तर चालेल.

तिसरी गोष्ट गाळणीची. कंटेनमेंटमधला दाब वाढून ते फुटण्याआधी वायू गाळून सोडावा, ही कल्पना योग्य आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पाण्यात वेंचुरी (मध्ये निमुळत्या) नळ्या बुडवलेली गाळणी विकसितही केली आहे. पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम थायोसल्फेट घातले की कण आणि रेणुरूप आयोडीन चांगले अडकते. मिथाइल आयोडाइड मात्र त्यातून सहज निसटते. पण आमची मोठी शंका दिवसांच्या हिशेबाची आहे. चाचणी काही तासांची असते, अपघात आठवडाभर चालतो. अडकलेले पदार्थ गाळणीतच उष्णता देत राहतात. ती १०० किलोवॅट धरली, तर ताशी १६० लिटर पाणी आटते, म्हणजे दिवसाला पावणेचार हजार लिटरच्या पुढे. टाकी भरायची तर कोणी, कोणत्या नळाने, आणि त्या जागी किरणमात्रा किती असेल? थायोसल्फेट उष्णतेने आणि आम्लाने तुटते. ते तुटल्यावर पाण्यात धरलेले आयोडीन पुन्हा बाहेर पडते का, आणि किती, याची ७२ तासांची सलग चाचणी आम्हाला हवी. पाणी उकळत असताना, आणि एकदा मुद्दाम पाणी अर्ध्यावर आणून.

हायड्रोजन जाळून टाकणारे उत्प्रेरक पट्टेही याच प्रश्नात येतात. ते काम करू लागले की शेकडो अंश तापतात, आणि त्यांवरून जाणारे धातूच्या आयोडाइडचे कण फुटून वायुरूप आयोडीन होते, हे परदेशी प्रयोगांत दिसले आहे. हायड्रोजनचा धोका त्यांनी घटतो म्हणून ते काढावेत असे मुळीच नाही. पण तारापूरला अशा पट्ट्यांची चाचणी घेण्याची सोय आहेच, तर तिथल्या हायड्रोजनच्या प्रवाहात सीझियम आयोडाइडचे कण सोडून पुढच्या बाजूला काय निघते, ते पाहायला काय हरकत आहे?

रुथेनियमवर थोडक्यात. गाभ्याला किंवा वापरलेल्या इंधनाच्या कुंडाला हवा लागली की ते उडणारे ऑक्साइड होते, आणि रुथेनियम-१०६ चे अर्धायुष्य वर्षभराचे आहे. यावर युरोपात चांगले काम चालू आहे. आपण त्यात सहभागी व्हावे, वेगळी मालिका उभारू नये. काँक्रीटवर पडलेल्या वितळ गाभ्याचे मात्र वेगळे आहे. चुनखडीच्या खडीतून कार्बन डायऑक्साइड उसळतो आणि कण हवेत उधळतो. आपल्या खडीत काळा बेसाल्ट असतो, तो वायू कमी सोडतो पण त्याच्यातले लोह आणि सिलिका जास्त. फुकुशिमाहून दूर गेलेल्या सीझियममध्ये सिलिकाचे काचेसारखे, पाण्यात न विरघळणारे काही मायक्रोमीटरचे कण सापडले. आपल्या बेसाल्टच्या काँक्रीटमधून तसे कण किती निघतील, हे ठाण्या-पालघरच्या खाणीतल्या खडीच्या काही किलो वितळीवरही पाहता येईल.

आता कुंपणाबाहेर. इथे खर्च सगळ्यात कमी आहे आणि माहितीची उणीव सगळ्यात मोठी.

फुकुशिमाच्या वायव्येचा पट्टा जास्त दूषित झाला, कारण १५ मार्च २०११ ला किरणोत्सारी ढग तिकडे वळलेला असतानाच पाऊस आणि बर्फ पडले. कोकणात जून ते सप्टेंबर तेच रोज घडेल. पावसाने सूक्ष्मकण धुऊन खाली आणण्याची जी सूत्रे प्रसाराच्या प्रारूपांत वापरतात, त्यांच्यात दहा-दहा पटींचा फरक आहे. ताशी तीस मिलिमीटर पाऊस धरा, सेकंदाला पाच मीटर वारा धरा. एक नेहमीचे सूत्र सांगते की साधारण दहा मिनिटांत अर्धे कण खाली येतील, म्हणजे तीन किलोमीटरच्या आत. दहापट मंद सूत्राने तेच तीस किलोमीटर होते. आपला आपत्कालीन नियोजनाचा टापू आजवर सोळा किलोमीटर धरला गेला आहे. एका सूत्राने सीझियम त्याच्या आत पडते, दुसऱ्याने ते टापू ओलांडून सह्याद्रीच्या पायथ्याकडे, धरणांच्या पाणलोटात जाते.

हे ठरवायला भट्टीही लागत नाही आणि बाहेरून आणलेला किरणोत्सारी पदार्थही लागत नाही. हवेत मुळातच बेरिलियम-७ आणि शिसे-२१० हे नैसर्गिक किरणोत्सारी समस्थानिक कणांवर बसलेले असतात. बोईसर, रत्नागिरी, राजापूर आणि घाटमाथ्यावर आंबोली अशा चार जागी दर पावसाचे पाणी आणि त्याआधीची-नंतरची हवा दोन पावसाळे गोळा केली, तर आपल्या पावसाचा धुण्याचा वेग मोजून मिळेल. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून, प्रश्न खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा होतो. रात्री मतलई वाऱ्याने समुद्रावर गेलेला ढग दुसऱ्या दिवशी दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येतो, आणि तो नेमका भट्टीसमोर न येता पाच-दहा मैल वर किंवा खाली लागतो. दिवसातून एकदा वाऱ्याची दिशा घेणाऱ्या प्रारूपाला हे दिसत नाही. दर दहा मिनिटांच्या नोंदी लागतात, आणि त्या फक्त मनोऱ्यावरच्या असून चालत नाही, समुद्रावरच्याही लागतात.

मग जांभा. सीझियम जमिनीत पक्के बसते ते इलाइटसारख्या अभ्रकी मातीच्या पापुद्र्यांच्या फाटलेल्या कडांत. जांभ्याच्या तांबड्या मातीत अशा कडा थोड्या, केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे जास्त. वर पालाश कमी, कारण तीन हजार मिलिमीटर पाऊस ते दर वर्षी धुऊन नेतो. पालाशाला भुकेले मूळ सीझियम उचलते. जपानने भातशेतीत दर शंभर ग्रॅम मातीला २५ मिलिग्रॅम पालाश ही पातळी ठरवून तांदळातले सीझियम आटोक्यात आणले. जुलैच्या पावसात आपल्या उताराच्या खाचरात ती पातळी किती दिवस टिकते? दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे यासाठी लागणारी शेते, माणसे आणि भाताच्या जाती सगळे आहे. किरणोत्सारी नसलेले साधे सीझियम क्लोराइड ग्रॅमांत वापरून हा प्रयोग करता येतो, कुठल्याही परवान्याशिवाय. पालाशाच्या चार पातळ्या, खताचा हप्ता एकदाच आणि तीनदा, आणि पेंढा-कोंडा-तांदूळ यांचे वेगवेगळे मोजमाप.

त्याच प्रयोगात राब घ्यावाच. शिशिरात कवळे (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांच्या जुड्या), पालापाचोळा, शेण गोळा करून रोपवाटिकेवर भाजायचे ही इथली जुनी रीत. डोंगरातल्या झाडांवर पडलेले सीझियम त्या कवळांबरोबर उतरते आणि राखेत एकवटते. रोपवाटिका खाचराच्या दहाव्या हिश्श्याएवढी. किती सीझियम धुरात गेले, किती राखेत राहिले, किती रोपात चढले, हे कोणत्याही परदेशी अहवालात सापडणार नाही, कारण तिथे कोणी राब भाजत नाही. कलमांचेही तसेच. हापूसच्या पानावर नोव्हेंबरात पडलेले सीझियम मोहोरातून एप्रिलच्या फळात किती उतरते, ते दहा कलमांच्या ठरावीक फांद्यांवर फवारून एका हंगामात कळेल. आणि वलांडीवर वाळणारा बोंबील: ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, वाळल्यावर किलोमागे सीझियम सहा-आठ पट होते. ताज्या मासळीला लावलेली मर्यादा सुक्या बाजाराला तशीच लावता येणार नाही, हे आधी ठरवून ठेवायला हवे.

शेवटी मोजमाप. हवेचे नमुने घेणारी यंत्रे नुसत्या कागदी गाळणीवर चालत असतील, तर मिथाइल आयोडाइड त्यांना दिसणारच नाही. मागे मुरवलेल्या कोळशाची डबी हवी. पण हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की कोळशाची पकड ढासळते, आणि पावसाळ्यात इथे ती रोज जाते. हवा डबीआधी पाच-सहा अंश तापवली की आर्द्रता खाली येते, त्यासाठी लहानशी तापतार पुरे. दुसरा मार्ग सिल्व्हर झिओलाइटचा, महाग पण आर्द्रता सोसणारा. दोन्ही शेजारी लावून एका पावसाळ्यात तुलना व्हावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत गावेच्या गावे आठवडे विजेविना राहिली. मोजणी केंद्राची बॅटरी त्या हिशेबाने धरावी, दोन-चार तासांच्या हिशेबाने नव्हे. फुकुशिमाच्या वेळी जपानची प्रसार-अंदाजाची यंत्रणा भट्टीतून किती सुटते आहे हे न कळल्याने ताशी एक बेक्वेरेल असे धरूनच नकाशे काढत राहिली. बाहेरच्या पाच-दहा मापांवरून आतले उत्सर्जन उलट काढण्याची रीत, तीही वाऱ्याच्या इथल्या नोंदींवर तपासलेली, तयार असायला हवी.

म्हणून आमची मागणी अशी. पीएचचा ताळेबंद आणि केबलींची मोजदाद या वर्षी. रंग आणि समुद्राच्या पाण्याचे प्रयोग पुढच्या दोन वर्षांत, गाळणीची ७२ तासांची चाचणी त्यांच्या बरोबरीने. पाऊस, जांभा, राब, कलमे आणि मासळीचे काम येत्या मान्सूनआधी सुरू व्हावे. त्याला लागणारा पैसा एका मोठ्या प्रायोगिक उभारणीच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि ते काम दापोली, रत्नागिरी आणि मुंबईच्या विद्यापीठ-महाविद्यालयांकडेच द्यावे. प्रत्येक प्रयोगाच्या कच्च्या नोंदी, फसलेल्या फेऱ्यांसह, सहा महिन्यांत खुल्या कराव्यात, म्हणजे परदेशी संहितेत चांदी कुठे धरली आहे आणि मीठ कुठे धरलेले नाही, हे इथल्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला तपासता येईल. माडबनच्या सुरक्षा-अहवालाची छाननी होईल, तेव्हा आयोडीनच्या तीन रूपांचे तीन वेगळे आकडे मागावेत, एकच बेरीज स्वीकारू नये. आणि येत्या मे महिन्यात, समुद्र खवळण्याआधी, तारापूरच्या पाण्याचे पहिले नमुने भरून ठेवावेत.

आपले,
कोकणातले अभियंते, रसायनशास्त्राचे अध्यापक आणि मृदा व मत्स्यविज्ञानाचे अभ्यासक